हवामानाच्या नावाने वसुली झाली, हिशेब कोण देणार?

दरवर्षी नोव्हेंबर आला, की जगातल्या कुठल्या तरी शहरात हवामान परिषद भरते आणि आपल्या मोबाइलवर दोन प्रकारचे मेसेज फिरू लागतात. पहिल्या प्रकारात राग असतो. हे आंतरराष्ट्रीय करार म्हणजे परक्यांचा डाव आहे, गोऱ्यांनी धूर केला आणि त्याची किंमत आपल्या करदात्याच्या खिशातून काढली जाते, तेव्हा या करारांतून बाहेर पडा. दुसऱ्या प्रकारात अभिमान असतो. भारत जगाला दिशा दाखवतो आहे, बाहेरून अब्जावधी डॉलर येत आहेत, सौरऊर्जेत आपण पुढे आहोत, मग तक्रार कसली?

हे दोन गट एकमेकांशी कडाकडा भांडतात, पण जमाखर्चाची वही उघडायला दोघेही तयार नसतात.

मी अर्थतज्ज्ञ नाही. शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. पण बेरीज-वजाबाकी येते आणि दर महिन्याला पगारातून कर कापला जातो, तेवढा अधिकार मला पुरेसा वाटतो. तेव्हा माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. हवामान करारांनी भारतीय करदात्याला लुटलेले नाही. हवामानाच्या नावाने आपल्याकडून पैसे घेतले ते आपल्याच सरकारने, आपल्याच संसदेच्या कायद्याने. त्यातला मोठा भाग हवामानासाठी वापरलाच गेला नाही. आणि बाहेरून जे आले, त्यातले बरेचसे कर्ज आहे, जे आपण किंवा आपली मुले फेडणार आहेत. करार फाडून यातला एक रुपयाही परत येणार नाही. हिशेब मागितला, तर पुढचे काही रुपये तरी ठिकाणावर लागतील.

करारात नेमके काय आहे?

१९९२ साली रिओ इथे हवामान बदलाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यात एक तत्त्व मान्य झाले: जबाबदारी सगळ्यांची, पण सारखी नाही. ज्यांनी दीडशे-दोनशे वर्षे कोळसा आणि तेल जाळून श्रीमंती मिळवली, त्यांचा वाटा मोठा. १९९७ च्या क्योटो करारात उत्सर्जन कमी करण्याचे बंधन फक्त विकसित देशांवर होते. २०१५ च्या पॅरिस करारात सगळे देश आले. पण पैसे देण्याची जबाबदारी त्यातही विकसित देशांवरच ठेवली गेली. भारतासारख्या देशाने वाटल्यास स्वेच्छेने द्यावे, एवढेच त्यात म्हटले आहे. कराराच्या सचिवालयाच्या खर्चातला छोटासा वाटा सोडला, तर पॅरिस करारामुळे भारतीय करदात्यावर कोणताही हप्ता बसत नाही.

भारताने काय कबूल केले, तेही पाहू. २०१५ साली आपण सांगितले, की २०३० पर्यंत वीजनिर्मितीच्या एकूण क्षमतेपैकी ४० टक्के क्षमता कोळसा, तेल आणि वायूशिवायची असेल. ते लक्ष्य मुदतीच्या कितीतरी आधी गाठले. २०२२ मध्ये ते ५० टक्के केले आणि २०२५ मध्ये तेही गाठले. म्हणजे आपण कुणाच्या दडपणाखाली वाकलो, असे म्हणायला जागा नाही. अमेरिकेतला माणूस वर्षाला सरासरी जेवढा कार्बन हवेत सोडतो, त्याच्या सहावा-सातवा हिस्साच भारतीय माणूस सोडतो. तरीही आपण आपले काम केले.

मग प्रश्न उरतो, की या कामासाठी करदात्याने काय मोजले आणि ते कुठे गेले? इथून पुढे दोन्ही मेसेजवाले गप्प होतात.

कोळशावरचा उपकर

२०१० च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने कोळशावर टनामागे ५० रुपयांचा ‘स्वच्छ ऊर्जा उपकर’ बसवला. विचार चांगला होता. कोळसा धूर करतो, तर त्याच्यावरच कर लावा आणि त्या पैशातून सूर्य, वारा, संशोधन यांना बळ द्या. यासाठी ‘राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधी’ उभा केला गेला. उपकर २०१४ मध्ये १०० रुपये झाला, २०१५ मध्ये २०० आणि २०१६ मध्ये ४०० रुपये. त्याचे नावही बदलून ‘स्वच्छ पर्यावरण उपकर’ झाले. सहा वर्षांत आठपट.

२०१५ साली पॅरिस परिषदेच्या आधी भारताने जगापुढे आपले संकल्पपत्र ठेवले, त्यात या उपकराचा ठळक उल्लेख आहे. बघा, आम्ही गरीब देश असूनही कोळशावर स्वतःहून कर लावतो, तो चौपट केला आहे आणि त्याच्या पैशातून स्वच्छ ऊर्जेची कामे करतो, असे आपण सांगितले. म्हणजे तुम्ही-आम्ही भरलेल्या पैशाची पावती सरकारने जगाला दाखवली.

आता या पावतीमागची वही पाहा. २०१०-११ ते २०१७-१८ या काळात या उपकरातून सुमारे ८६ हजार ४४० कोटी रुपये गोळा झाले. त्यातले स्वच्छ ऊर्जा निधीकडे गेले सुमारे २९ हजार ६४५ कोटी. आणि प्रकल्पांसाठी प्रत्यक्ष वापरले गेले सुमारे १५ हजार ९११ कोटी. शेकड्यात मांडू. हवामानाच्या नावाने १०० रुपये घेतले, त्यातले ३४ रुपये ठरलेल्या पेटीत पडले आणि १८ रुपये ठरलेल्या कामाला लागले. उरलेले सरकारच्या सर्वसाधारण खर्चात मिसळून गेले.

गावातल्या गणेशोत्सव मंडळाने वर्गणीचे १०० रुपये घेऊन १८ रुपयांचा मंडप घातला असता, किंवा मशिदीच्या बांधकामाचा चंदा गोळा करून १८ टक्केच बांधकाम दाखवले असते, तर लोकांनी काय केले असते? पुढच्या वर्षी कुणी दारात उभे केले नसते. आमच्याकडे जकातीचे पैसे कुठे खर्च करायचे याची आठ खाती कुराणातच ठरवून दिली आहेत. त्याबाहेर तो पैसा वापरता येत नाही, मग दुसरे काम कितीही चांगले असो. ज्या कामासाठी घेतले त्याच कामाला लावायचे, यालाच अमानत म्हणतात. हा नियम समजायला मुसलमान असण्याची गरज नाही. शाळेच्या सहलीचे पैसे जमा करणाऱ्या मास्तरलाही तो ठाऊक असतो.

गोष्ट इथे संपत नाही. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि स्वच्छ पर्यावरण उपकर रद्द झाला. वाचून वाटेल, की कोळसा स्वस्त झाला असेल. तसे झाले नाही. टनामागे ४०० रुपये तसेच चालू राहिले, फक्त पाटी बदलली. आता ते ‘जीएसटी भरपाई उपकर’ झाले. जीएसटीमुळे राज्यांचे उत्पन्न घटेल, ते भरून काढण्यासाठी हा पैसा. स्वच्छ हवेसाठी सुरू झालेली वसुली राज्यांच्या तिजोरीची तूट भरू लागली.

या पैशातून महाराष्ट्रालाही भरपाई मिळाली, हे मान्य करायला हवे. तो पैसा कुणी घरी नेला, असा माझा आरोप नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. कर लावताना सांगितलेले कारण आणि खर्च करतानाचे कारण यांचा संबंध तुटला आणि त्याची कुणी साधी चर्चाही केली नाही. राज्यांना भरपाई देण्याची मुदत जून २०२२ मध्ये संपली. त्यानंतरही उपकर थांबला नाही, कारण करोनाच्या दोन वर्षांत राज्यांसाठी काढलेले सुमारे २ लाख ६९ हजार कोटींचे कर्ज फेडायचे होते. म्हणजे २०१० साली सूर्य आणि वाऱ्याच्या नावाने सुरू झालेली ही वसुली शेवटी करोनाकाळातले कर्ज फेडत होती.

रक्कम किती मोठी, याचा अंदाज फळ्यावर मांडता येतो. २०२४-२५ मध्ये देशातले कोळशाचे उत्पादन १०० कोटी टनांच्या पुढे गेले. १०० कोटी टनांना ४०० रुपयांनी गुणा. वर्षाला ४० हजार कोटी होतात.

२२ सप्टेंबर २०२५ पासून हा भरपाई उपकरही गेला आणि कोळशावरचा जीएसटी ५ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. आता तर पाटीवर हवामानाचे नाव औषधालाही नाही. वर कराची पद्धतही उलटी झाली. टनावर ठरावीक रक्कम होती, तेव्हा हलका, जास्त राखेचा कोळसा जाळणाऱ्याला तेवढ्याच विजेसाठी जास्त टन लागत आणि जास्त उपकर बसे. आता किमतीच्या टक्क्याने कर आहे, म्हणजे स्वस्त आणि हलक्या कोळशावर टनामागे कमी कर. धूर करणाऱ्याने किंमत मोजावी, हा मूळ विचार होता. तो कधी सोडून दिला, हे कुणी सांगितलेही नाही.

भरले कुणी?

‘करदाता’ म्हटले की लोकांना आयकर भरणारा पगारदार किंवा व्यापारी आठवतो. हा मोठा गैरसमज आहे. कोळशावरचा कर कोळसा कंपनी तिच्या खिशातून भरत नाही. तो वीजनिर्मिती कंपनीच्या खर्चात येतो. वीज जीएसटीच्या कक्षेबाहेर असल्यामुळे तिला या कराची वजावटही मिळत नाही. म्हणून तो शेवटी विजेच्या दरात मिसळतो.

आमच्या ओझरहून फार लांब नसलेल्या एकलहऱ्यात ६३० मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र आहे. तिथे रेल्वेने कोळसा येतो, तिथली राख आणि धूर नाशिकरोड परिसराला चांगला ठाऊक आहे. एक युनिट वीज तयार करायला साधारण सहाशे ते सातशे ग्रॅम कोळसा लागतो. टनाला ४०० म्हणजे किलोला ४० पैसे. म्हणजे कोळशाच्या विजेच्या प्रत्येक युनिटमागे सुमारे २४ ते २८ पैसे या एका उपकराचे. महिन्याला कोळशाची १०० युनिट वीज वापरणाऱ्या घराने वर्षाला सुमारे ३०० रुपये हा कर भरला. त्या घरात आयकर भरणारा कुणी नसेल. पंक्चर काढणारा असेल, द्राक्षबागेत छाटणीला जाणारी बाई असेल. बिलावर ‘हवामान’ असा शब्द नव्हता, म्हणून त्यांना कळले नाही, एवढेच.

मालेगावकडे पाहा. तिथल्या लाखो माणसांचे पोट यंत्रमागावर आहे आणि यंत्रमाग विजेवर. त्यांना सवलतीचा दर असतो हे खरे, पण सवलत द्यायची म्हणजे ती रक्कम राज्याच्या तिजोरीतून, म्हणजे पुन्हा करदात्याकडूनच येते. ज्या शहराने विजेच्या प्रत्येक युनिटमागे हा उपकर सोसला, तिथल्या कारखान्यांच्या पत्र्यांवर सौर पॅनेल बसवण्याइतका तरी हिस्सा त्या ८६ हजार कोटींतून यायला नको होता का?

आणखी एक लहान उदाहरण. महाराष्ट्रात २०१० पासून १५ वर्षे झालेल्या खासगी गाडीवर पर्यावरण कर लागला. दुचाकीला पाच वर्षांसाठी २ हजार रुपये असा दर ठरला. पंधरा वर्षांची स्कूटर कोण चालवतो? ज्याला नवी घेता येत नाही तो. त्याने भरलेल्या २ हजारांतून त्याच्या गावात एखादी विजेवर चालणारी बस आली का, हे विचारण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे.

बाहेरून आली ती मदत की कर्ज?

आता अभिमानवाल्यांकडे वळू. २००९ च्या कोपनहेगन परिषदेत श्रीमंत देशांनी वचन दिले, की २०२० पर्यंत आम्ही गरीब देशांसाठी दरवर्षी १०० अब्ज डॉलर उभे करू. हा आकडा त्यांच्याच संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२२ मध्ये, म्हणजे दोन वर्षे उशिरा गाठला गेला. त्यातही सरकारी पैशाचा जवळपास ७० टक्के भाग कर्जाचा होता. २०२४ च्या बाकू परिषदेत नवा आकडा ठरला: २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज. विकसनशील देशांनी मागितले होते १३०० अब्ज. भारताच्या प्रतिनिधी चांदनी रैना यांनी तिथल्या तिथे उभे राहून तो निर्णय नाकारला. त्यांनी योग्य केले. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने पॅरिस करारातून पुन्हा बाहेर पडायचे ठरवले, तेव्हा या वचनांची किंमत जगाला आणखी एकदा कळली.

महाराष्ट्रातले उदाहरण घेऊ. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प आपण ‘पोकरा’ या नावाने ओळखतो. हवामान बदलाला तोंड देणारी शेती हाच त्याचा उद्देश. पहिला टप्पा २०१८ मध्ये सुरू झाला: १५ जिल्हे, ५ हजारांहून जास्त गावे, सुमारे ४ हजार कोटी रुपये. शेततळी झाली, ठिबक आले, शेडनेट उभी राहिली. काम उपयोगाचे आहे. दुसऱ्या टप्प्यात आपला नाशिक जिल्हाही आहे. पण पहिल्या टप्प्यातला सुमारे ७० टक्के पैसा जागतिक बँकेच्या ४२ कोटी डॉलरच्या कर्जाचा आणि ३० टक्के राज्याचा. गावातल्या फलकावर ‘जागतिक बँक अर्थसाहाय्यित’ असे लिहिलेले असते. ‘साहाय्य’ हा शब्द वाचून शेतकऱ्याला वाटते, कुणीतरी मदत केली. मराठीच्या मास्तरला हा शब्द खटकतो. परत करायच्या पैशाला मराठीत कर्ज म्हणतात.

हे कर्ज डॉलरमध्ये आहे. २०१८ च्या सुरुवातीला डॉलर ६५ रुपयांच्या आसपास होता, २०२५ च्या अखेरीस तो ८८ च्या पुढे गेला. ४२ कोटी डॉलर म्हणजे तेव्हा २ हजार ७३० कोटी रुपये. ८८ च्या दराने ३ हजार ६९६ कोटी. सगळी रक्कम एकदम फेडायची नसते, हप्ते पडत जातात. तरी रुपया घसरला की न घेतलेले कर्जही डोक्यावर चढते, हे कळायला हा गुणाकार पुरेसा आहे.

शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात शिवाजीनगर इथे महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ मध्ये सुरू झाला. त्यासाठी जर्मनीच्या केएफडब्ल्यू या सरकारी बँकेने कर्ज दिले. प्रकल्प चांगला, कर्जही वाईट नाही. पण अशी कर्जे श्रीमंत देश आपल्या ‘हवामान निधी’च्या आकड्यांत मोजतात आणि परिषदेत त्यावर टाळ्या घेतात. व्याजासह परत येणारा पैसा दान म्हणून मिरवायचा, याला आमच्या ओझरच्या बाजारात वेगळे नाव आहे.

खरे अनुदानही येते, ते किती हेही पाहा. हरित हवामान निधीतून महाराष्ट्र, आंध्र प्रदेश आणि ओडिशाच्या किनारपट्टीसाठी सुमारे ४ कोटी ३४ लाख डॉलर मंजूर झाले. पूर्ण प्रकल्प सुमारे १३ कोटी डॉलरचा. म्हणजे जिथे अनुदान आहे तिथेही तीनातला एक हिस्सा बाहेरचा, दोन आपले.

युरोपने तर दुसरीकडून वसुली सुरू केली आहे. १ जानेवारी २०२६ पासून तिथे जाणाऱ्या पोलाद, अॅल्युमिनियम, सिमेंट अशा मालावर कार्बन शुल्काची पद्धत पूर्णपणे लागू झाली. हा पैसा युरोपच्या तिजोरीत राहणार. भारताने याला विरोध केला, तो योग्यच. पण त्या नियमात एक तरतूद आहे: माल बनवणाऱ्याने आपल्या देशात कार्बनची किंमत आधीच भरली असेल, तर ती वजा होऊ शकते. आपल्याकडे २०१० पासून कोळशावर कर होता. तो कार्बनची किंमत म्हणूनच ठेवला असता, त्याची वही स्वच्छ असती, तर आपल्या उद्योजकांना हा मुद्दा ठामपणे मांडता आला असता. ज्या कराला आपणच जीएसटीची भरपाई असे नाव दिले, तो आता कार्बनचा कर होता असे कुठल्या तोंडाने सांगणार? हिशेब न ठेवल्याची किंमत अशी परदेशातही मोजावी लागते.

करार सोडा म्हणणाऱ्यांना

आता रागावलेल्यांसाठी. समजा, उद्या भारत सगळ्या हवामान करारांतून बाहेर पडला. करदात्याचे किती वाचतील? करारामुळे हप्ता जात नाही, हे वर पाहिलेच. जो खर्च होतो तो बदललेल्या हवामानाचा, आणि तो करार असो वा नसो, होतच राहणार.

२६ नोव्हेंबर २०२३ ला निफाड तालुक्यात गारपीट झाली, ती इथल्या माणसाला आठवण करून द्यायला नको. द्राक्षाचे घड भरत असताना काही मिनिटांत बागा झोडपल्या गेल्या. त्या हंगामातल्या नुकसानीसाठी राज्याने फळबागेला हेक्टरी ३६ हजार रुपये, तेही तीन हेक्टरपर्यंत, असा दर ठरवला. द्राक्षाची एक हेक्टर बाग उभी ठेवायला वर्षाला किती लाख लागतात, हे पिंपळगावच्या कुठल्याही औषध दुकानाच्या उधारीच्या वहीत दिसेल. शेतकऱ्याला ती भरपाई अपुरी वाटली आणि ती योग्यच तक्रार होती. पण तो पैसाही करदात्याचाच होता.

२०२५ च्या पावसाळ्यात मराठवाड्यात नद्यांनी शेतातली मातीही खरवडून नेली. ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारने ३१ हजार ६२८ कोटींचे पॅकेज जाहीर केले. पोकराच्या पहिल्या टप्प्यातला सगळा खर्च सुमारे ४ हजार कोटी, तोही अनेक वर्षांत मिळून. एका हंगामाच्या पॅकेजची रक्कम त्याच्या जवळपास आठपट. प्रत्येक पूर हवामान बदलामुळेच येतो, असे शास्त्रज्ञही म्हणत नाहीत. पण तापलेली हवा जास्त बाष्प धरते आणि मुसळधार पावसाचा जोर वाढतो, याबद्दल त्यांच्यात आता वाद नाही. तेव्हा करार सोडून पैसे वाचतील, हा हिशेब छत्री विकून पैसे वाचवण्यासारखा आहे.

आणि श्रीमंत देशांनी धूर केला, हे ज्यांना मनापासून टोचते, त्यांनी तर करारात राहिलेच पाहिजे. देणेकऱ्याच्या दारात उभे राहायचे असेल, तर हातात कागद लागतो. ‘तुमची जबाबदारी मोठी’ असे जिथे लिहून घेतले आहे, तो कागद म्हणजे हाच करार. तो फाडा म्हणणारा माणूस नकळत देणेकऱ्याचीच वकिली करतो.

ओझरचा धडा

हिशेब मागितल्याने काय होते, हे पाहायला बाकूला जावे लागत नाही. ओझरच्या कालव्यावर जाऊन यावे. वाघाड धरणाचे पाणी कालव्याच्या शेपटाकडच्या आमच्या शेतांपर्यंत पोहोचत नव्हते. पाणीपट्टीचा कागद यायचा, पाणी मात्र वरच्या वर संपायचे. बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने शेतकऱ्यांना एकत्र केले. १९९१ च्या सुमारास महात्मा फुले, बाणगंगा आणि जय योगेश्वर या तीन पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. पाणी मोजून घ्यायचे, मोजून वाटायचे, पैसे आपणच गोळा करायचे आणि त्याची वही सभासदांपुढे ठेवायची, ही पद्धत पडली. पुढे वाघाडचे सगळे लाभक्षेत्र संस्थांच्या ताब्यात आले. राज्यात २००५ साली शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा झाला, त्याच्या आधीपासून इथले लोक हे करून दाखवत होते.

या शेतकऱ्यांनी पाणीपट्टी भरायला नकार दिला नाही. धरण फोडा असेही म्हटले नाही. किती घनमीटर सोडले आणि किती पोहोचले, एवढेच विचारले. पैसे देणाऱ्याला मोजमाप दिसू लागले, तसा तो पैसे द्यायलाही तयार झाला.

हवामानाच्या पैशाला हीच पद्धत लावा, एवढी माझी मागणी आहे. कोळशावर आज १८ टक्के कर घेता, तर त्यातला ठरावीक हिस्सा कायद्याने स्वच्छ ऊर्जा आणि शेतीच्या संरक्षणासाठी बांधून द्या आणि दरवर्षी अर्थसंकल्पासोबत एका पानावर सांगा, की आले किती, ठेवले किती, खर्चले किती. वीजबिलावर इतक्या ओळी असतात, त्यात आणखी एक ओळ छापा, म्हणजे पंक्चरवाल्यालाही कळेल की तोही करदाता आहे. हवामानाच्या नावाने कर्ज काढून गावात काम केले, तर फलकावर ‘अर्थसाहाय्य’ न लिहिता ‘कर्ज’ लिहा आणि ते कोण, कधीपर्यंत फेडणार हेही लिहा. आणि परिषदेत जाऊन १३०० अब्ज जरूर मागा, पण मागताना आपल्या ८६ हजार कोटींची वही उघडी ठेवा. स्वतःची वही लपवणाऱ्याचा दुसऱ्याच्या वहीवरचा आक्षेप कुणी मनावर घेत नाही.

यावर कुणी म्हणेल, की सरकारचा पैसा एकत्रच असतो, रस्ते, शाळा, दवाखाने त्यातूनच होतात, इतके काटेकोर कशाला? मान्य. मग कर लावताना ‘स्वच्छ’ हे विशेषण लावू नका. सरळ सांगा, की सरकारला पैसे हवे आहेत. लोक तेही भरतील. पण हवेचे, पावसाचे, पुढच्या पिढीचे नाव घेऊन गोळा केलेला पैसा दुसरीकडे गेला, की पुढच्या वेळी खऱ्या कामासाठी मागितलेल्या पैशावरही लोकांचा विश्वास राहत नाही. ‘हवामान बदल हे सगळे थोतांड आहे’ असे सांगणाऱ्या मेसेजला खतपाणी मिळते ते इथूनच. वैज्ञानिकांच्या आकड्यांवरचा विश्वास खजिन्याच्या आकड्यांनी घालवला.

वाचकहो, माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत करता येतो. केंद्रीय अर्थ मंत्रालयाला एवढेच विचारा: २०१० पासून आजपर्यंत कोळशावरच्या उपकरातून आणि करातून किती जमा झाले आणि त्यातले स्वच्छ ऊर्जेवर किती खर्च झाले, वर्षवार सांगा. राज्याच्या कृषी विभागाला विचारा: आमच्या जिल्ह्यात हवामानाच्या नावाने आलेल्या पैशात कर्ज किती आणि अनुदान किती. मराठीत लिहा, उर्दूत लिहून कुणाकडून मराठी करून घ्या, पण लिहा. आलेले उत्तर ग्रामसभेत वाचून दाखवा. मेसेज पुढे ढकलायला लागतो त्याहून थोडा जास्त वेळ लागेल, पण पैसे आपले आहेत.